‘सेन्सर गेलाय’ म्हणण्याआधी: पोकलेन-जेसीबीच्या इंजिनाचे कोड कसे वाचायचे

एप्रिल-मे म्हणजे मराठवाड्यात मशिनींचा हंगाम. नाला खोलीकरण, तलावातला गाळ, शेततळी, रस्त्याचा मुरूम, क्रशरचा दगड, सगळं पावसाच्या आत उरकायचं असतं. आणि नेमका तेव्हाच मॉनिटरवर दिवा लागतो. इंजिन अर्ध्या ताकदीवर येतं, बकेट मुरमात घातली की मशीन दबते. ऑपरेटर मालकाला फोन लावतो, मालक मिस्त्रीला, आणि फोनवरच निदान होतं: "सेन्सर गेलाय, नवा टाका." मग सेन्सर संभाजीनगरहून नाहीतर पुण्याहून मागवायचा, तोवर मशीन उभी, भाडं बुडालेलं. नवा सेन्सर बसतो, किल्ली फिरवतात, दिवा तसाच.

असं वारंवार होतं त्याला कारण आहे. कोडसोबत सेन्सरचं नाव येतं, म्हणून सगळे सेन्सरलाच धरतात. पण इंजिनाच्या कंट्रोलरला, म्हणजे ज्याला आपण ईसीएम म्हणतो त्या डब्याला, सेन्सर दिसतच नाही. त्याला एका तारेवर किती व्होल्ट आहेत एवढंच कळतं. ते व्होल्ट चुकले तर दोष सेन्सरमध्ये असेल, तारेत किंवा कपलरमध्ये (तारांच्या जोडाच्या प्लगमध्ये) असेल, सेन्सरला मिळणाऱ्या सप्लायमध्ये किंवा अर्थिंगमध्ये असेल. किंवा यातलं काहीच नसेल; इंजिनच बिघडलेलं असेल आणि सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असेल. हे चौथं कारण फार कमी लोक धरतात, आणि सगळ्यात महागात तेच पडतं.

दुसरा आकडा बघा

मॉनिटरच्या सर्व्हिस मेनूत किंवा स्कॅनरवर कोड दोन आकड्यांत येतो. पहिला एसपीएन, म्हणजे कोड कशाबद्दल आहे; दुसरा एफएमआय, म्हणजे त्यात काय चुकलंय. ही पद्धत एसएई जे१९३९ या मानकातली आहे आणि बहुतेक मोठी डिझेल इंजिनं ती पाळतात. ११० म्हणजे कूलंटचं तापमान, १०० म्हणजे ऑइल प्रेशर, १०२ बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब, १५७ कॉमन रेलमधलं (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतलं) डिझेलचं प्रेशर, १९० इंजिनाचे आरपीएम, ९७ म्हणजे डिझेलमधलं पाणी. लोक हा पहिला आकडा तेवढा लक्षात ठेवतात. पण सातबाऱ्यावरचा गट नंबर सांगितला म्हणून त्या गटात भांडण कशाचं आहे ते कळत नाही. ते दुसऱ्या आकड्यात असतं.

एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज हवं त्यापेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी. ५ म्हणजे करंट कमी, बहुधा सर्किट कुठेतरी तुटलेलं. २ म्हणजे रीडिंग उड्या मारतंय किंवा पटण्यासारखं नाही. हे विजेच्या बाजूचे कोड, २ मध्ये तर बऱ्याचदा कपलर ढिला निघतो. याउलट ०, १५ आणि १६ म्हणजे रीडिंग विश्वासार्ह आहे, पण मर्यादेच्या वर गेलंय. १, १७ आणि १८ म्हणजे विश्वासार्ह आहे, पण मर्यादेच्या खाली गेलंय. त्यात ० आणि १ सगळ्यात गंभीर.

आता फरक बघा. ११०-३ आला तर तार, कपलर आणि मग सेन्सर तपासायचा. ११०-० आला तर इंजिनावरचा लोड काढायचा आणि रेडिएटरकडे जायचं. बोलताना दोन्हींना ‘टेंपरेचर सेन्सरचा कोड’च म्हणतात. पहिल्यात संध्याकाळपर्यंत थांबलं तरी चालतं, दुसऱ्यात तासभर दामटली तर हेड जातं.

काही कंपन्या आपापले नंबर दाखवतात. कोमात्सूच्या बऱ्याच पोकलेनवर सीए१४४ आणि सीए१४५ असे कोड येतात. पहिला कूलंट सेन्सरचं व्होल्टेज जास्त असल्याचा, दुसरा कमी असल्याचा. कॅटरपिलरच्या जुन्या मशिनींत एसपीएनच्या जागी सीआयडी असतो, एफएमआयचे आकडे मात्र तेच. मॅन्युअलमधली त्या पानांची झेरॉक्स केबिनमध्ये ठेवली तर निम्मं काम होतं.

आणि कोड पुसायची घाई नको. स्कॅनर लावला की पहिलं बटण ‘क्लिअर’चं दाबणारे मिस्त्री मला कधीच उमगले नाहीत. आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. कोणता कोड आत्ता चालू आहे, कोणता जुना आहे, किती वेळा आला, बऱ्याच मशिनी कोणत्या तासाला आला तेही दाखवतात. हा पुरावा एकदा पुसला की परत मिळत नाही.

कपलर काढून कोड उलटा करायचा

कूलंट सेन्सर हा सगळ्यात साधा, त्यावरून बाकीचे समजतात. त्याच्या आत तापमानाप्रमाणे रोध बदलणारा एक तुकडा असतो. गार असताना रोध जास्त, गरम झाला की कमी. बऱ्याच सेन्सरमध्ये २० अंशाला तो अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, ४० अंशाला हजार-बाराशे, आणि ८० अंशाला तीनशेच्या जवळ. ईसीएम आपल्या आतल्या एका रेझिस्टरमधून या तारेवर ५ व्होल्ट सोडतो. सेन्सर गार असेल तर तारेवर व्होल्ट चढे राहतात, गरम झाला की उतरतात. त्यावरून ईसीएम तापमान काढतो.

मग तार तुटली तर काय होईल? रोध अमर्याद, तारेवर पूर्ण ५ व्होल्ट, आणि ईसीएमला वाटणार पाणी बर्फाहून गार आहे. स्कॅनरवर उणे ४० अंश दिसतात. बाहेर मे महिन्याचं बेचाळीस अंशांचं ऊन आणि स्कॅनर म्हणतोय उणे चाळीस! हा एफएमआय ३. उलट तार घासून बॉडीला चिकटली तर व्होल्ट शून्यावर, आणि ईसीएमला वाटणार पाणी उकळतंय. हा एफएमआय ४.

यातूनच एक फुकटातली तपासणी निघते. समजा ११०-४ चालू आहे. किल्ली बंद करा, सेन्सरचा कपलर काढा, किल्ली चालू करा. इंजिन सुरू करायची गरज नाही. कोड आता ११०-३ झाला, तर तार आणि ईसीएम दोन्ही ठीक आहेत. शॉर्ट सेन्सरच्या आत होता, तो काढल्याबरोबर गेला. आता खुशाल सेन्सर मागवा. पण कपलर काढूनही ४ च राहिला, तर सेन्सरचा काही संबंध नाही. तार मध्येच कुठेतरी बॉडीला लागलेली आहे, किंवा क्वचित ईसीएममध्ये दोष आहे.

११०-३ असेल तर हेच उलट्या बाजूने. कपलर काढून तारेकडच्या दोन पिनांमध्ये छोटी जंपर तार लावा. कोड ४ झाला तर तार शाबूत आहे आणि सेन्सर आतून उघडा पडलाय. ३ च राहिला तर तार तुटलीय किंवा कपलरची पिन मागे सरकलीय. पिन मागे सरकणं हा इतका नेहमीचा प्रकार आहे की नवा सेन्सर घेण्याआधी कपलरमध्ये टॉर्च मारून बघितलंच पाहिजे.

हा जंपरचा प्रयोग दोन तारांच्या तापमान सेन्सरपुरताच. तीन तारांच्या प्रेशर सेन्सरवर असा जंपर मारू नका, आणि इंजेक्टरच्या तारांना तर हातच नको. तिथे बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज जातं. टेस्ट लॅम्पही ईसीएमच्या तारांवर लावायचा नाही, तो जास्त करंट ओढतो. हजार-दोन हजारांचा डिजिटल मल्टिमीटर पुरे. मीटरच्या टोकाने तारेचं इन्सुलेशन टोचायचं नाही, कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन घालून मोजायचं. टोचलेल्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि आत तांबं हिरवं पडतं.

तीन कोड एकदम आले तर

ऑइल प्रेशर, बूस्ट, डिझेल प्रेशर हे सेन्सर तीन तारांचे असतात. एक ५ व्होल्टचा सप्लाय, एक अर्थ, एक सिग्नल. सिग्नल साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत खेळतो. मुद्दामच शून्य आणि पाच ही दोन टोकं मोकळी सोडलेली असतात, म्हणजे सिग्नल तिथे गेला की ईसीएमला कळतं की हे प्रेशर नाही, सर्किटचा दोष आहे.

पण ५ व्होल्टचा सप्लाय प्रत्येक सेन्सरला वेगळा नसतो. दोन, तीन, कधी चार सेन्सर एकाच सप्लायवर असतात. त्यातला एक शॉर्ट झाला तर बाकीचेही मुके होतात.

घनसावंगी तालुक्यात एका नाल्याच्या कामावर अशीच एक पोकलेन उभी होती. ऑइल प्रेशर, बूस्ट आणि डिझेल प्रेशर, तिन्हींचे कोड, तिन्हींचा एफएमआय ४. मालकाला तिन्ही सेन्सर बदलायचा सल्ला मिळालेला. तीन सेन्सर एकाच दिवशी, एकाच मिनिटाला कसे जातील, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मॉनिटरच्या दुसऱ्या पानावर चौथा कोड होता: ३५०९-४. एसपीएन ३५०९ म्हणजे सेन्सर सप्लाय क्रमांक १. म्हणजे मशीन स्वतःच सांगत होती, पण पान उलटून कुणी बघितलं नव्हतं.

ऑइल प्रेशर सेन्सरचा कपलर काढून सप्लायच्या पिनवर मीटर धरला. ५ च्या जागी पाव व्होल्टसुद्धा नाही. मग मीटर तिथेच ठेवून दुसऱ्या सेन्सरचा कपलर काढला, मग तिसऱ्याचा. एखादा सेन्सर आतून शॉर्ट असता तर त्याचा कपलर निघताच मीटर पाचवर उडाला असता. तो हलला नाही. याचा अर्थ तिन्ही सेन्सर निर्दोष, शॉर्ट तारेतच. हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, हाताने चाचपत निघालो. इंजिन माउंटिंगजवळच्या ब्रॅकेटवर हार्नेस धरणाऱ्या क्लिपचं रबर गळून पडलेलं, पत्र्याची धार तारांवर घासत होती. स्लीव्ह उचलली तर नखाएवढं तांबं उघडं. त्या मशीनवर आधीचे काही महिने काळ्या दगडात ब्रेकर, म्हणजे दगड फोडायचा हातोडा, चालला होता, त्या थरथरीने रबर खाल्लं. तार जोडून, सोल्डर करून, नवी स्लीव्ह आणि नवी क्लिप लावली. एकही सेन्सर बदलावा लागला नाही.

आपल्या भागातल्या मशिनींच्या तारा बहुधा याच कारणांनी जातात. बेसॉल्टमधला ब्रेकर हे पहिलं. दुसरं, प्रेशर पंपाने इंजिन धुणं. पाण्याचा फवारा कपलरवर सरळ मारला की सील कितीही चांगलं असो, पाणी आत जातं. तिसरं उंदीर. पावसाळ्यात मशीन शेताच्या कडेला तीन-चार महिने उभी राहिली की दिवाळीनंतर पहिल्यांदा चालू करण्याआधी बॉनेट उघडून तारा बघाव्यात, ईसीएमजवळच्या तर जरूर. चौथं वेल्डिंग. बकेटला दात लावायला साइटवर वेल्डर येतो आणि अर्थ क्लॅम्प सापडेल तिथे, चॅसीला लावतो. करंट मग बेअरिंगमधून, तारांमधून वाट काढतो. वेल्डिंगआधी बॅटरीची केबल आणि ईसीएमचे कपलर काढायचे, अर्थ क्लॅम्प वेल्डिंगच्या जागेला अगदी खेटून लावायचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण वेल्डर आला की सगळ्यांनाच घाई.

सकाळची तपासणी

काही सेन्सर कोड न देता चुकतात. रीडिंग मर्यादेत असतं, पण खोटं असतं. मशीन पिकअप घेत नाही, काळा धूर मारते, डिझेल जास्त खाते, आणि मॉनिटर मात्र स्वच्छ. अशांना पकडायची वेळ म्हणजे सकाळ, मशीन रात्रभर उभी राहिल्यानंतर, इंजिन सुरू करायच्या आधी.

किल्ली चालू करा आणि स्कॅनरवर चालू आकडे बघा. रात्रभर उभ्या मशीनमध्ये पाणी, डिझेल, आत येणारी हवा, सगळ्यांचं तापमान जवळजवळ सारखं असायला हवं. तिघं २८-२९ दाखवतात आणि एकटा ४५ म्हणतो, तर तो खोटा. ऑइल प्रेशर शून्य हवं. इंजिन बंद असताना १ बार दाखवणारा सेन्सर चालू इंजिनातही वाढवूनच सांगणार. रेल प्रेशरही शून्याच्या आसपास हवं. बूस्टचं थोडं वेगळं आहे. काही स्कॅनर ते बाहेरच्या हवेच्या दाबासकट दाखवतात, तेव्हा बंद इंजिनात समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कल दिसतं. आपण उंचावर आहोत, त्यामुळे नांदेडला ९७ च्या, संभाजीनगरला ९५ च्या जवळपास आकडा योग्य. ईसीएमला हवेच्या दाबाचा वेगळा सेन्सर असेल तर हे दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

मग स्टार्टर मारताना आरपीएमकडे नजर ठेवा. इंजिन फिरतंय, पण सुरू होत नाही आणि आरपीएम शून्यच दाखवतंय, तर क्रँक सेन्सर (इंजिनाचे फेरे मोजणारा), त्याची तार किंवा त्याच्या टोकाला चिकटलेला लोखंडी कीस, यांपैकी काहीतरी आहे. क्रँक सेन्सरचं आणखी एक लक्षण ऑपरेटर लोक बरोबर ओळखतात: दुपारी तापलं की इंजिन अचानक बंद, अर्ध्या तासाने गार झालं की सुरू. त्याच लक्षणात डिझेलची तक्रारही असू शकते, म्हणून बंद पडण्याच्या क्षणी आरपीएम एकदम शून्यावर आलं की हळूहळू उतरलं ते विचारा. एकदम पडलं तर सेन्सर, उतरत गेलं तर डिझेल.

एकाच वेळी भलतेसलते, एकमेकांशी संबंध नसलेले कोड आले तर आधी बॅटरी. २४ व्होल्टच्या मशीनमध्ये चार्जिंग चालू असताना साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस व्होल्ट हवेत. मग बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत, स्टार्टर फिरत असताना मीटर लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंगची लग घासून घट्ट करा. डिस्प्लेच गायब होत असेल किंवा ६३९ हा एसपीएन आला तर कॅन लाइन, म्हणजे कंट्रोलर आणि डिस्प्ले एकमेकांशी बोलतात त्या दोन तारा, बघा: बॅटरी काढून डायग्नोस्टिक सॉकेटच्या सी आणि डी पिनांमध्ये ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा लाइन तुटलीय.

सेन्सर खरं बोलतोय तेव्हा

११०-० ला पहिलं काम रेडिएटरची जाळी. क्रशरवर दगडाची भुकटी, शेतात कडबा-कापसाचं तूस, आणि त्यावर हायड्रॉलिक ऑइलचा हात फिरला की जाळीवर गोधडीसारखा थर बसतो. हवा पंख्याच्या वाऱ्याच्या उलट दिशेने मारायची. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर धरा. मॉनिटर आणि तो चार-पाच अंशांत जुळले तर सेन्सरवर शंका घेणं सोडा. १००-१ आला तर इंजिन लगेच बंद, आणि सेन्सर काढून त्याच भोकात साधा मेकॅनिकल गेज बसवा. गेजही कमीच दाखवतोय तर आता प्रश्न पंप, बेअरिंग आणि डिझेल मिसळून पातळ झालेल्या ऑइलचा आहे.

कूलंट सेन्सरच्या जागी बाजारातला ठरावीक ओहमचा रेझिस्टर लावून देणारे काही जण आहेत. मॉनिटरवर मग कायम ८५ अंश. ऑपरेटर निर्धास्त. अशी मशीन सेकंडहँड विकत घेताना सकाळची ती तपासणी करा. थंड इंजिनात ८५ दिसलं की सगळं कळतं.

चाकांच्या मशिनींना एप्रिल २०२१ पासून सीईव्ही स्टेज ४ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम आणि जानेवारी २०२५ पासून स्टेज ५ लागू झालं. त्यामुळे नव्या बॅकहो लोडरमध्ये, इंजिनाच्या ताकदीप्रमाणे, धुराच्या बाजूलाही सेन्सर आले: डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) दोन्ही तोंडांच्या दाबातला फरक मोजणारा, धुराचं तापमान मोजणारे, आणि जिथे डीईएफ लागतं तिथे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा नॉक्स सेन्सर. डीईएफ म्हणजे धूर स्वच्छ करायला त्यात फवारलं जाणारं ३२.५ टक्के शुद्ध युरियाचं द्रावण. कृषी केंद्रातला युरिया पाण्यात कालवून तो चालवायचा मोह गावाकडे होतोच. पण खताच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो, त्यातली घाण नोझल आणि कॅटॅलिस्टमध्ये बसते. मग नॉक्स सेन्सर ओरडतो आणि लोक नॉक्स सेन्सर बदलतात. चांगलं डीईएफसुद्धा उन्हात ठेवलेल्या ड्रममध्ये लवकर उतरतं. ३५ अंशांना सतत राहिलं तर सहाएक महिन्यांपुरतंच धरा.

आणि एवढं सगळं करून सेन्सरच गेलेला निघाला, तर घेताना पार्ट नंबर जुळवून घ्या, थ्रेड आणि कपलर जुळवून नाही. प्रेशर सेन्सर बाहेरून सारखे दिसतात, पण एकाची रेंज १० बारची असते, दुसऱ्याची १६ ची. साडेचार व्होल्ट एक १० बारला देतो, दुसरा १६ ला. चुकीचा बसवला तर कपलर टक्कन बसतो, कोड येत नाही, दिवा जातो, आणि ३ बारचं ऑइल प्रेशर मॉनिटरवर २ च्याही खाली दिसतं, किंवा उलट रेंजचा असेल तर २ बारचं ३ च्या वर दिसतं. बसवल्यावर लगेच इंजिन गरम करून एकदा मेकॅनिकल गेजशी ताडून बघा.